नडगीवरचे वळ

“मोजे खाली कर,” कानिटकर बाई म्हणाल्या.

खो-खोचा सराव नुकताच संपला होता. मार्च महिना, तासगावचं ऊन, मैदानावरची तापलेली माती. बाकीच्या अकरा जणी अनवाणी आणि मी एकटी गुडघ्यापर्यंत निळे मोजे चढवून उभी.

“थंडी वाजती, बाई.”

“अडतीस डिग्रीत?”

बाई विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे तापमानाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुण्याहून नोकरीसाठी आल्या होत्या, जेमतेम चोवीस-पंचवीस वर्षांच्या. आमच्या शाळेत त्यांना चार महिने झाले होते. मैदानावर त्यांचं काही काम नसायचं, पण त्या दिवशी त्या मुद्दाम आल्या होत्या. मुली पाणी प्यायला टाकीकडे गेल्या तशी त्यांनी मला कडुनिंबाखाली बाजूला घेतलं.

मी डावा मोजा हळूच खाली केला. हळूच, कारण नुसता कापडाचा स्पर्श झाला तरी कळ यायची.

बाई खाली वाकल्या आणि तशाच थांबल्या. माझ्या नडगीवर चार गाठी होत्या. दोन लालभडक, बोराएवढ्या, हात लावला तर गरम. तिसरी जांभळी. चौथी उतरत आलेली, कडेनं हिरवी-पिवळी झालेली. कुणी काठीनं फोडून काढल्यावर आठवड्याभरानं पाय दिसेल, अगदी तसा.

“दुसरा पाय.”

दुसऱ्यावर पाच होत्या.

“कुणी मारलं?”

“कुणी नाही.”

“पडलीस?”

“हो.”

“दोन्ही पायांवर? सारखीच? आणि गुडघ्याला खरचटलंसुद्धा नाही?”

बाईंनी स्वतःच्या हातानं माझे मोजे वर केले, फुलाला हात लावावा तसे. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्याचं फार आश्चर्य वाटलं, कारण पाय माझे होते आणि मी रडत नव्हते.

“घरी जाऊ नकोस. माझ्याबरोबर ऑफिसात चल,” त्या म्हणाल्या.

या गोष्टीला आता वीस वर्षं होतील. मी तेव्हा सातवीत होते. नाव वैजयंता, पण त्या नावानं मला फक्त हजेरीत हाक मारली जायची, एरवी वैजे. आमचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. दुकान पुढे, दोन खोल्यांचं घर मागे. माझे वडील महादेव सुतार, सगळ्या तासगावचे आप्पा. द्राक्षबागेचे लोखंडी मांडव, गेट, शटर, ट्रॉलीची जोडकामं, काहीही आणा. सहा फुटांचा माणूस, मिशा जाड, शर्टावर ठिणग्यांनी पडलेली भोकं. वीस वर्षं ग्राइंडरजवळ काढल्यामुळे डावा कान जवळजवळ गेलेला आणि उजवाही अर्धामुर्धा. त्यामुळे आप्पा बोलायचे ते समोरचाही बहिरा आहे असं धरून. ‘मीठ दे’ म्हणाले तरी गल्लीला ऐकू जायचं. देवळात नमस्कार करतानाचं त्यांचं मागणं पुजाऱ्याला तोंडपाठ होतं.

आणि कानिटकर बाई आमच्या शेजारी, चौगुल्यांच्या माडीवर भाड्यानं राहायच्या. त्यांची खिडकी बरोबर आमच्या दुकानावर उघडायची.

आई त्या दिवसांत घरी नसायची. हंगामात बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची, सकाळी सहाला बाहेर, संध्याकाळी सातला परत. आली की अंगाला गंधकाचा वास आणि पाठीला ताठा. माझे पाय बघायला तिला वेळ नव्हता, आणि मी दाखवायला थोडीच बसले होते! झोपतानासुद्धा सलवार घालून झोपायचे.

मला ते पाय कुणाला दाखवायचे नव्हते, कारण त्या पायांमागे आणखी एक गोष्ट होती. ती पायांपेक्षा कितीतरी वाईट होती. निदान मला तसं वाटायचं.

ऑफिसात मुख्याध्यापक गुरव सर पेपर तपासत होते. बाईंनी मला बाकावर बसवलं, सरांशी हळू आवाजात काही बोलल्या, आणि सरांनी शिपायाला दुकानावर पिटाळलं. “सुताराला म्हणावं असशील तसा ये.”

असतील तसेच आले. गळ्यात वेल्डिंगचा काळा चष्मा, हाताला ग्रीस.

“काय झालं, सर? बाकडं मोडलं का आणखी?”

सर दचकले. खिडकीवरची पाखरं उडाली.

“सुतार, बसा. विषय गंभीर आहे.”

आप्पा बसले. मग त्यांना मी दिसले. “ही काय करतीया हितं? नापास झाली?”

“तुम्ही घरात मुलीशी कसं वागता?” कानिटकर बाईंनी सरळ विचारलं. त्या मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या.

“आं?”

“मुलीशी! कसं! वागता!”

“बरं वागतो की. का?”

बाईंनी पर्समधून एक वही काढली. “मी चौगुल्यांकडे राहते. मला सगळं ऐकू येतं. ऐकून मला राहवेना, म्हणून मी लिहून ठेवलं.” त्यांनी पान उलटलं. “मंगळवार, संध्याकाळ. ‘दोन्ही तंगड्या वाकड्या झाल्यात तुझ्या. थांब, ठोकून सरळ करतो.’ आणि त्यानंतर दहा मिनिटं ठोकल्याचे आवाज.”

आप्पांनी उजवा कान पुढे केला होता. ऐकलं, विचार केला, आणि सरांकडे वळले. “सर, मंगळवारी तुमच्या शाळेचंच बाकडं आलं होतं की दुरुस्तीला. सातवी ब मधलं.”

“आलं होतं खरं,” गुरव सर म्हणाले.

“मी बोलतो वस्तूशी. सवय हाय. लोखंड ऐकतं.”

बाईंचा चेहरा जरा गोंधळला, पण त्यांनी पान उलटलं. “गुरुवार. ‘फार कुरकुर करायला लागली तर सरळ तोंडात तेल ओता.’”

“बिजागरी हो, बाई! पवारांच्या गेटची. त्यांना सांगत होतो.”

गुरव सरांनी रुमाल तोंडाला लावला. खोकल्यासारखा आवाज आला, पण तो खोकला नव्हता. मलाही हसू फुटायला लागलं होतं. वाटलं, झालं, संपलं. आता बाई वही मिटतील आणि आम्ही घरी जाऊ.

“आणि हे?” बाई म्हणाल्या. “हे मी एकदा नाही, पंधरा दिवस रोज ऐकते आहे. सकाळी साडेसहा. ‘वैजे, बाहेर येतीस का दार तोडू?’ हीसुद्धा बिजागरी का?”

“न्हाई, ही वैजीच,” आप्पा मोकळेपणानं म्हणाले. “संडासात जाऊन बसती ही पोरगी. अर्धा-अर्धा तास. एकदा न्हाई, तीनतीनदा. मला दुकान उघडायचं असतं, बाई. माणसानं करायचं काय?”

माझं हसू जागच्या जागी मेलं. आप्पांनी त्या गोष्टीच्या दारावर नेमकी थाप मारली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. वही त्यांनी मिटली. “मी सगळं चुकीचं ऐकलं असेन. पण मी चुकीचं पाहिलेलं नाही. वैजयंता, पाय दाखव.”

मी हललेच नाही.

“वैजे,” आप्पा म्हणाले, “बघू.”

मी मोजे खाली केले. ऑफिसात पंखा होता, तो खडखड करत होता, तेवढाच आवाज. आप्पा खुर्चीवरून उठले, माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि बघत राहिले. एवढा मोठा माणूस असा खाली बसलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी बोट पुढे केलं आणि गाठीला न टेकवताच मागे घेतलं.

“कुणी केलं हे?”

इतक्या हळू विचारलं की मला खरंच आधी कळलं नाही, हे तेच बोलले.

“आपोआप आलं,” मी म्हणाले. ही शंभर टक्के खरी गोष्ट होती. पण ऑफिसातल्या एकाही माणसाला ती खरी वाटली नाही, हे मला स्पष्ट दिसलं.

“आपोआप कसं येईल?” गुरव सर आता उठून आले होते. त्यांचं हसू गेलं होतं. “घाबरू नकोस. खरं सांग. कुणी मारलं? खो-खोच्या ठोंबरे सरांनी मारलं का सरावात?”

“नाही, सर.”

“मग घरात? आईनं?”

“नाही.”

“गल्लीत कुणी? अगं, बोल की. तू बोलली नाहीस तर मला चौकीत कळवावं लागेल. मग पोलीस येऊन तेच विचारतील.”

मला रडू यायला लागलं. आधी नाकातून, मग सगळंच. सांगायचं तर कसं सांगायचं? मला माहीत होतं की पोट बिघडलं की चार-सहा दिवसांनी पायावर गाठी येतात. पोट जरा शांत झालं की गाठी पिवळ्या पडतात. हे मी कुणाला न विचारता, माझं मीच बघून ठेवलं होतं. पायांचं खरं सांगायचं म्हणजे पोटाचं सांगावं लागणार. पोटाचं सांगायचं म्हणजे मी दिवसातून आठ वेळा जाते, कधी कधी नुसतं रक्तच पडतं, हे पुरुष माणसांसमोर बोलावं लागणार. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा मला वाटलं होतं, आई म्हणते ते मोठं होणं हेच. मग कळलं की हे ते नव्हे. मग तर सांगायचं आणखीच अवघड झालं. शिवाय जिल्ह्याच्या स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. संघात माझं नाव होतं. आजारी मुलीला कोण नेणार?

“बोल, बाळा,” बाई म्हणत होत्या. “नाव सांग फक्त.”

“नाव सांग,” सर म्हणत होते.

“बास,” आप्पा म्हणाले.

ते जमिनीवरून उठले. शर्टाच्या टोकानं डोळे पुसले, त्यामुळे गालावर ग्रीसचा पट्टा उमटला.

“तिला विचारू नका आता. मी मारलं. लिहून घ्या.”

“सुतार!”

“मीच मारलं म्हणतोय न्हवं? कुठं सही करायची ती सांगा.”

बाईंचा हात तोंडावर गेला. गुरव सर खाली बसले. आणि मी, सहा महिने ज्या गोष्टीवर मांड ठोकून बसले होते, ती माझ्या तोंडातून अशी सुटली की मला थांबवता आली नाही.

“खोटं बोलतायत! आप्पांनी मला कधी बोटसुद्धा लावलं नाही! मला संडासला लागते! दिवसातनं आठ-आठ वेळा! रक्त पडतं आणि पोटात मुरडा येतो आणि मग पायावर हे येतं! म्हणून मी दार उघडत नाही! तोंडात फोड आलेत, चपाती खाता येत नाही! मोज्यांचं इलॅस्टिक सैल झालंय, कारण पाय बारीक झालेत!”

मी हे सगळं आप्पांच्याच पट्टीत ओरडले असणार. कारण बाहेर व्हरांड्यात पाचवीचा वर्ग रांगेनं चालला होता, तो थांबला. एक बारीक आवाज आला, “कुणाला संडासला लागली?” आणि त्यांच्या बाईंनी त्यांना पुढे हाकललं.

ऑफिसात कुणी कुणाकडे बघेना. गुरव सर खिडकीतून बाहेर काही महत्त्वाचं चाललंय असं बघत राहिले.

“किती दिवस झाले?” कानिटकर बाईंनी विचारलं.

“गणपतीपासून.”

“गणपतीपासून!” आप्पा म्हणाले. ते एकदम खुर्चीवर बसले. “आणि मी दार वाजवत होतो.”

बाईंनी पर्स खांद्याला लावली. “सुतार, गाडी आहे?”

“हाय. एम ऐंशी.”

“तिघं बसू. चला.”

डॉक्टर शिरगुप्पे आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे डॉक्टर. मधल्या काळात आई मला दोनदा त्यांच्याकडे घेऊन गेली होती, ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगून. त्यांनी एकदा जंताचं औषध दिलं होतं आणि एकदा बेदाणे खाऊ नकोस म्हणून दटावलं होतं. त्या दिवशी दवाखान्यात आम्ही तिघं एकदम शिरलो, ग्रीस लागलेले आप्पा, खादीची साडी नेसलेल्या बाई आणि रडून लाल झालेली मी. डॉक्टरांनी आधी विचारलं, “अपघात झाला का?”

बाईंनी सगळं क्रमानं सांगितलं. आकडे, महिने, रक्त, तोंडातले फोड, गाठी. विज्ञानाच्या प्रयोगासारखं, निरीक्षण आणि नोंद. मला बोलावंच लागलं नाही. डॉक्टरांनी माझा पाय हातात घेतला, गाठ अंगठ्यानं अलगद दाबली, वजन केलं. गेल्या वर्षीपेक्षा पाच किलो कमी. बारा वर्षांची पोरगी वाढायची ती घटली होती.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “मी नुसतं पोट बघत राहिलो. आप्पा, हे वळ नव्हेत. हे आतनं आलंय. पोटातल्या आतड्याला सूज असली की काही पोरांना ती अशी कातडीवर उमटते. नडगीवरच जास्त.”

“पोटाचं पायावर?” आप्पांनी दोन्ही कान पुढे केले.

“होय. मिरजेला न्या. उद्याच. आधी टीबी नाही ना, ते बघतील. मग दुर्बीण घालून आतडं बघतील. लहान मुलांचे मोठे डॉक्टर आहेत तिथं, मी चिठ्ठी देतो.”

“बरी होईल?”

“खो-खो खेळेल,” शिरगुप्पे म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “लगेच नाही. पण खेळेल.”

आईला संध्याकाळी कळलं. ती आधी माझ्यावर चिडली, मग आप्पांवर, मग बेदाण्याच्या शेडवर, आणि शेवटी माझे पाय मांडीवर घेऊन खोबरेल तेल लावत बसली. तेलाचा काही उपयोग नव्हता, पण मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. हंगामात खाडा करणारी आई मी पहिल्यांदा पाहिली.

मिरजेच्या हॉस्पिटलात आम्ही नऊ दिवस होतो. तिथल्या डॉक्टर आवटी मॅडम ठेंगण्या, गोल, आणि सारख्या काहीतरी खात असलेल्या. रक्त तपासलं, फोटो काढले, टीबी नाही म्हणून सांगितलं. मग दुर्बिणीचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दुपारी नर्सनं एक मोठा जग आणून ठेवला. आतडं स्वच्छ व्हायला ते सगळं प्यायचं होतं. खारट, गोडसर, लिंबाच्या साबणासारखं लागायचं. मी एक ग्लास प्यायले आणि तोंड फिरवलं.

“एवढंच व्हय?” आप्पा म्हणाले. “सरबत हाय हे. बघ, मी पितो.” आणि त्यांनी एक ग्लास घटाघटा रिकामा केला. मिशा पुसल्या. “चांगलं लागतंय की. तू एक, मी एक.”

“अहो, तुम्ही नका पिऊ,” आई म्हणाली.

“पोरीला सोबत नको व्हय?”

त्यांनी दोन ग्लास प्यायले. मी लाजेनं चार. नर्स नवा जग घेऊन आली तेव्हा आप्पांची जागा रिकामी होती. पुढचे तीन तास आम्ही दोघं बापलेक वॉर्डाच्या टोकाच्या संडासासमोर पाळीपाळीनं उभे. एकदा आत मी होते आणि बाहेरून हाक आली, पण ती वेगळीच होती. “वैजे, सावकाश हं, सावकाश... पण लई सावकाश नको गं!” अख्खा वॉर्ड हसला. पलीकडच्या खाटेवरची, पोटाला टाके पडलेली बाई ‘हसवू नका हो, टाके तुटतील’ म्हणून ओरडली. मी आत बसून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सहा महिने मी ज्या गोष्टीला मेल्याहून मेल्यासारखी लाजत होते, ती आता चाळीस माणसांना माहीत होती आणि कुणालाही काही वाटत नव्हतं.

दुर्बिणीनंतर आवटी मॅडमनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं. क्रोन्स. मला ते एखाद्या परदेशी बिस्किटाचं वाटलं. आयुष्यभर लक्ष ठेवावं लागेल, त्या म्हणाल्या. कधी शांत असेल, कधी उसळेल. औषध कधीही मनानं थांबवायचं नाही. “आणि पाय बघत जा. पोटाच्या आधी पाय सांगतील किंवा पायांच्या आधी पोट. काहीही नवं दिसलं की मोजे घालून बसायचं नाही. कळलं?”

“पायाला काय लावायचं?” आईनं विचारलं.

“काही नाही. आतली सूज उतरली की ह्या गाठी आपसूक जातील.”

आणि गेल्या. पहिल्या आठवड्यात नव्या यायच्या थांबल्या. मग लाल होत्या त्या जांभळ्या झाल्या, जांभळ्या हिरव्या, हिरव्या पिवळ्या. मी रोज सकाळी मोजायचे. गोळ्यांनी भूक मात्र अशी लागायची की काही विचारू नका. सकाळी चार चपात्या, दहाला पोहे, बाराला परत भात. चेहरा पुरीसारखा फुगला. संघातली राखीव खेळाडू, माझी मैत्रीण पद्मजा मला बघून म्हणाली, “अगं, तू आजारी होतीस का लग्नाला गेली होतीस?” जिल्ह्याला माझ्या जागी तीच खेळली. पहिल्या फेरीत हरल्या सगळ्या. मी रडले नाही. तसं थोडं बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली. त्या रविवारी सकाळी मी दुकानाच्या पायरीवर भडंग खात बसले होते, तर चौगुल्यांच्या दारात टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर माडीवरून कानिटकर बाईंचं सामान उतरवत होता. पत्र्याची ट्रंक, गादीची वळकटी, स्टोव्ह घातलेली बादली, पुस्तकांची दोन खोकी.

आप्पांनी ग्राइंडर बंद केला. “बाई, सुट्टीला निघाला?”

“नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी वर बघितलं नाही. “स्टँडजवळ खोली बघितलीय.”

“का? हितं काय कमी हाय? चौगुले काय बोलले?”

“कुणी काही बोललं नाही. म्हणूनच.” त्या ट्रंकेच्या कडीशी चाळा करत होत्या. “मला रोज त्या खिडकीत उभं राहता येत नाही हो. मी तुमच्यावर केवढा आळ घेतला. सगळ्या शाळेत झालं. मी माफी मागायला तीनदा खाली आले आणि तीनदा परत गेले.”

आप्पा दुकानातून बाहेर आले. मला वाटलं, मोठ्यानं काहीतरी बोलतील. पण ते बाईंच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले, म्हणजे ओरडावं लागू नये.

“बाई, आम्ही दोघं बापलेक एका ताटात जेवतो. तिची आई तिच्याशेजारी झोपती. मास्तर तिला मैदानावर रोज बघतात. डॉक्टरनं दोनदा तपासली. कुणाला दिसलं न्हाई. तुम्हाला दिसलं. तुम्ही अर्थ चुकीचा लावला, लावला तर लावला. दिसलं नसतं तर?”

बाईंनी ट्रंकेची कडी सोडली.

“आवटी मॅडम काय म्हणाल्या ठावं हाय? आणखी चार महिने गेले असते तर आतडं कापावं लागलं असतं. आणि तुम्ही माफी मागताय.”

“पण तुम्ही,” बाई म्हणाल्या, आणि आता त्यांनी वर बघितलं, “तुम्ही मारलं म्हणून का सांगितलंत? मी कितीदा विचार केला. तुम्ही कबूल का झालात?”

मी भडंग खायची थांबले. मला हे विचारायचं होतं. मिरजेत नऊ दिवस मी ते मनात घोळवत होते, पण माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

आप्पांनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं.

“पोरीला सांगायचं न्हवतं. का न्हवतं ते मला कळत न्हवतं, पण न्हवतं एवढं दिसत होतं. आणि तुम्हाला एक नाव हवं होतं. नाव मिळाल्याबिगार तुम्ही दोघं थांबणार न्हवता. म्हटलं, माझं घ्या. तेवढंच होतं माझ्याजवळ त्या टायमाला.” मग जरा थांबून, “पुढचं पुढं बघितलं असतं. पोलीस काय खातात व्हय?”

एवढं बोलून ते वळले. टेम्पोवाल्यानं ट्रंक नुकतीच चढवली होती. आप्पांनी ती कडीला धरून ओढली, उचलून खांद्यावर घेतली आणि चौगुल्यांच्या जिन्याकडे चालायला लागले.

“ओ, ओ!” टेम्पोवाला म्हणाला. “माझं भाडं?”

“सामान न्हाई, तर भाडं कसलं? चहा पी आणि जा.”

“सुतार, थांबा! अहो, मी तिकडे कबूल करून आलेय!” बाई त्यांच्या मागे धावल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते पाठमोरं कळत नव्हतं.

“वैजे!” जिन्याच्या मध्यावरून आप्पांची हाक आली. “बादली घे!”

मी भडंगाचा वाडगा पायरीवर ठेवला आणि बादली उचलली. चांगलीच जड होती. बाईंनी स्टोव्हखाली खलबत्ता कोंबला होता. दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी चढले. वर बाई खिडकी उघडत होत्या आणि आप्पा ट्रंक कुठं ठेवायची ते ट्रंकेलाच विचारत होते. मी बादली कोपऱ्यात टेकवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

चौगुल्यांचा जिना एकवीस पायऱ्यांचा. मध्ये कुठेही थांबावं लागलं नव्हतं, हे मला वर पोचल्यावर कळलं.